ओट्यावर काढलेली पाणंद

प्राथमिक शाळेत भूगोलाचा म्हणून वेगळा शिक्षक नसतो. तिथं एकच बाई किंवा एकच गुरुजी सकाळी बेरजा घेतात, मग कविता म्हणवून घेतात, खिचडीत मीठ बरोबर आहे का ते चाखून बघतात आणि उरलेल्या वेळात भूगोल. त्यातही पुस्तकावर 'भूगोल' असं नाव नसतं, 'परिसर अभ्यास' असतं. परिसर म्हणजे आपल्या भोवतीचं जग. ते शिकवायचं तर पोरांना भोवती हिंडवायला पाहिजे, आणि आम्हाला तर खुर्चीवरून उठायची उसंत नसायची. आधार जोडा, ऑनलाइन माहिती भरा, गणवेशाची मापं पाठवा, मतदारयाद्या तपासायला दारोदार फिरा. एकतीस वर्षं हे केलं आणि दमून निवृत्त झाले. आता वेळ कसा जातो, असं कुणी विचारलं तर झोपून जातो असं मी सांगते, आणि त्यात काही खोटं नाही.

तरी भूगोल मला मनापासून आवडायचा. तिसरीच्या पुस्तकाची एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते, की प्रत्येक जिल्ह्याचं पुस्तक वेगळं असतं. नगरच्या पोराला नगर जिल्ह्याचा नकाशा, नाशिकच्या पोराला नाशिकचा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, तेवढं सांभाळून घ्या. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा कोणता, असं विचारलं की आमची पोरं एका दमात ओरडायची. ज्यांनी तालुक्याचा बाजारसुद्धा धड पाहिलेला नसायचा, त्यांच्याही छात्या फुगायच्या.

या धंद्यात पहिल्यांदा दिशा शिकवायच्या असतात, आणि माझी पहिली फजितीही तिथलीच. तेव्हा मी शेवगाव तालुक्यात होते, नवीकोरी. उगवतीकडे तोंड करून उभं राहायचं, समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. हे मैदानात उभं करून शिकवायचं असतं. मी आळस केला. वर्गाच्या उत्तरेच्या भिंतीवर नकाशा टांगला आणि सांगितलं, ही उत्तर. पोरांनी घोकलं. पुढं छत गळायला लागलं म्हणून वर्ग समाजमंदिरात हलवला. तिथं खिळा होता पश्चिमेच्या भिंतीला, म्हणून नकाशा तिकडे टांगला, आणि नेमके त्याच आठवड्यात साहेब तपासणीला आले. उत्तर दाखवा म्हणाले. सगळ्या वर्गाने मावळतीकडे बोट केलं. साहेबांनी खिडकीतून कलता सूर्य पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि तपासणीच्या वहीत लिहिलं, 'या वर्गाची उत्तर दिशा खिळ्यावर अवलंबून आहे.' तो शेरा पुढं तालुकाभर झाला.

त्यानंतर मी नकाशा भिंतीवर टांगला नाही. जमिनीवर अंथरायचा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळेपर्यंत फिरवायचा, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि पोरांना भोवती बसवायचं. मग पोर नकाशावर उभं राहून हात लांब करतं, आणि हात जिकडे जातो तिकडेच ते गाव खरोखर असतं. साधी गोष्ट आहे, पण पोराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुढं काही वर्षं पुणतांब्याजवळ काढली. तिथली पोरं गोदावरीच्या काठची, पाण्याबद्दल काही विचारावं लागायचं नाही. तिथून बदली झाली ती एकदम पारनेर तालुक्यात, माळरानावर. पहिल्याच चाचणीत पाण्याचे स्रोत लिहा असा प्रश्न होता. नदी, विहीर, तलाव हे पुस्तकातलं उत्तर. निम्म्या वर्गाने लिहिलं, टँकर. मी लाल पेनाने चूक दिली. संध्याकाळी खोलीवर आले तर घरमालकिणीने माझाही हंडा टँकरच्या नळीखाली नेऊन ठेवलेला. रात्री वह्या परत काढल्या आणि चुका खोडून बरोबर केल्या. पुस्तक आणि गाव यांचं जमत नसलं तर गावाच्या बाजूने उभं राहायचं, असं तेव्हा ठरवलं होतं. ठरवायला काय लागतं?

शेवटची आठ वर्षं त्याच तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत होते. पहिली ते चौथी, पट अठरा. मुख्याध्यापक थोरात गुरुजी आणि मी. कमी पटाच्या शाळा बंद करणार, अशी हूल दर वर्षी उठायची आणि दर वर्षी आम्ही दोघं अठरा पोरं पुन्हा पुन्हा मोजायचो. गावाच्या वेशीपर्यंत इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊ लागली होती. तिच्या खिडकीत आपलं कुणी पोर दिसतं का, ते मी रोज बघायची.

तिथं मी एक पद्धत पाडली होती. श्रावणात उघडीप बघून तिसरी-चौथीच्या पोरांना घेऊन शिवारात हिंडायचं. प्रत्येक पोराच्या घरापासून शाळेपर्यंत चालायचं, पावलं मोजायची, वाटेतली विहीर, बाभूळ, बांध लिहून घ्यायचे. मग शाळेपुढच्या सिमेंटच्या ओट्यावर आधी रांगोळीने आणि नंतर ऑइलपेंटने गावाचा नकाशा काढायचा, उत्तर खऱ्या उत्तरेला धरून. नियम एकच. ज्याचा रस्ता त्यानेच काढायचा. माझा रस्ता मी काढणार, तुझा तू. दुसऱ्याच्या सांगण्यावरून रेघ ओढायची नाही, चालून आलं पाहिजे. या नियमाचा मला फार अभिमान होता. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, इतर शिक्षकांना मी तो पुन्हा पुन्हा ऐकवायची, त्यांना कंटाळा येईपर्यंत.

करोनात शाळा बंद पडल्या त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. तिसरीत वैष्णवी नावाची मुलगी होती. गावापासून बाजूला तीन घरांची वस्ती होती, तिथली. तिचा बाप बबन, दोन एकर कोरडवाहू आणि शेरडं. वस्तीवरून शाळेत यायला एक पाणंद होती, म्हणजे दोन रानांच्या मधून जाणारी जुनी वाट. एके काळी बैलगाडी जायची म्हणतात. मी पाहिली तेव्हा दोन्ही बाजूंनी डाळिंबाची झाडं आत सरकली होती आणि एक माणूस नीट चालेल एवढीच राहिली होती. सरकारी नकाशात ती कुठंच नव्हती. कागदावर नसलं तरी पिढ्यान्पिढ्या लोक चालत आलेत, याला वहिवाट म्हणतात. त्या वाटेने वैष्णवी पंधरा मिनिटांत शाळेत यायची. दुसरा रस्ता डांबरी, वळसा घालून पाऊण तासाचा, आणि त्यावर मुरमाचे डंपर.

त्या श्रावणात आम्ही सगळे त्या पाणंदीने चाललो. मी स्वतः चालले, चपलेत काटा मोडला. वैष्णवीने पावलं मोजली, मध्ये चुकली म्हणून परत वस्तीवर जाऊन पहिल्यापासून मोजली. ओट्यावर तिने पिवळ्या रंगाने आपली रेघ काढली, जीभ बाहेर काढून, हात न टेकता. सगळ्यांत सरळ रेघ तिची होती.

डाळिंब होतं दादाभाऊंचं. दादाभाऊ म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. हा माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. शाळेला पाण्याची टाकी त्यांनी बसवून दिली, ओट्यासाठीचा रंगही त्यांनीच आणून दिला होता. त्यांची दोन मुलं आणि एक पुतणी आमच्याच शाळेत. गावात कुणी पोरं पिवळ्या गाडीत घालायची म्हटलं की दादाभाऊ त्याच्या घरी जाऊन बसायचे. अठराचा पट त्यांच्या जिवावर टिकला होता.

पंधरा ऑगस्टला झेंड्याला सगळा गाव जमला. लोक ओट्यावर वाकून आपापली घरं शोधत होते. एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, दादाभाऊ, तुज्या डाळिंबातून रस्ता गेला की रं. लोक हसले. दादाभाऊही हसले. मीही हसले, कारण मला त्यात पोरांचं कौतुकच दिसत होतं. मी किती भोळी होते, की भोळेपणाचं सोंग करत होते, हे आज सांगता येत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला पाणंदीला दोन्ही तोंडांना काटेरी तार लागली. वैष्णवी उशिरा यायला लागली, कधी धुळीने माखून, कधी रडून. डंपर अंगावरून जातात म्हणाली. बबनने तहसीलला अर्ज केला. त्याच्याकडे कागद काहीच नव्हता. त्याने मोबाईलवर आमच्या ओट्याचा फोटो काढला आणि अर्जाला जोडला. शाळेने काढलेला नकाशा आहे, बाईंनी पोरांना चालवून काढून घेतलाय, असं त्यात लिहिलं होतं. बाईंचं नाव म्हणजे माझं नाव.

मग एक दिवस दादाभाऊ शाळेत आले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. गुरुजींच्या समोरच्या खुर्चीत बसून चहा घेतला आणि बशी खाली ठेवून म्हणाले,

"बाई, माझी दोन अन् भावाची एक, तीन पोरं हायेत शाळंत. गाडीवाला रोज इचारतो. मी अजून न्हाई म्हनतोय. ल्हान पोरांनी मनानं काढलंय, एवढंच सांगा. बाकी माझं म्हननं न्हाई."

ते गेल्यावर गुरुजींनी कपबशा उचलून ठेवल्या. नंतर म्हणाले, बाई, धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, तुम्ही आपली तोंडात मिठाची गुळणी धरा, मला ठाऊक नाही म्हणा. मी रात्रभर हिशेब केला. तीन पोरं गेली की पंधरा. पंधरा झाली की आणखी दोघं-तिघं जाणार, जत्रेतून माणसं उठतात तशी. मग एक शिक्षक कमी होणार, मग शाळाच. एका पोरीच्या पंधरा मिनिटांसाठी सतरा पोरांची शाळा घालवायची का? असं मी स्वतःला विचारलं, आणि प्रश्नच असा बांधला की उत्तर मला हवं तेच यावं. पेपर काढायची सवय, दुसरं काय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मंडळ अधिकारी आणि तलाठी पंचनाम्याला आले. मधली सुट्टी होती. ओट्याच्या एका कडेला बबन उभा, दुसऱ्या कडेला दादाभाऊ, आणि पोरं ताटं हातात घेऊन खिचडीच्या रांगेत. मंडळ अधिकारी त्या पिवळ्या रेघेवर उभे राहून मला म्हणाले, हा रस्ता मुलांनी प्रत्यक्ष पाहून काढला आहे का?

गुरुजींनी सांगितलं होतं तसं, ठाऊक नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. ते मी केलं नाही. मी त्याहून वाईट केलं. म्हणाले,

"मुलं लहान आहेत साहेब. त्यांनी कल्पनेने काढलंय."

तलाठ्याने तसं लिहून माझ्यापुढे धरलं. मी वाचून सही केली. बबनने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. दादाभाऊंनीसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही.

सगळे गेल्यावर मी नळापाशी हात धुवायला गेले. वैष्णवी तिथं रिकामं ताट घेऊन उभी होती. तिला राग आला नव्हता. वर्गात न समजलेलं गणित विचारावं तसं तिने विचारलं,

"बाई, मंग मी रोज कुडून येत व्हते?"

मी म्हटलं, ताट धुऊन ठेव.

एकतीस वर्षांत पोरांनी मला हजारो प्रश्न विचारले असतील. उत्तर येत नसलं तर उद्या बघून सांगते म्हणायची माझी रीत होती. त्या दिवशी उत्तर येत होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी तिच्यावर खेकसले. तिसरीतल्या पोरीवर. हे मी आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

बबनचा अर्ज निकाली निघाला, पुरावा नाही म्हणून. वैष्णवी डांबरी रस्त्याने काही आठवडे आली, मग आठवड्यातून तीन दिवस आली, मग बबनने तिला तिच्या मामाकडे श्रीगोंद्याला पाठवून दिलं. दाखला मीच लिहिला. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात 'स्थलांतर' असं लिहिलं. त्या रकान्यात मावेल असा दुसरा शब्द मला सापडला नाही.

आणि शाळेचं म्हणाल, तर करोनाने पुढं दोन वर्षं खाल्लीच, पण त्याआधीच्या जूनमध्येच दादाभाऊंची तिन्ही पोरं पिवळ्या गाडीत बसली. दादाभाऊ स्वतः सांगायला आले, ओशाळून. म्हणाले, बाई, घरात ऐकत न्हाईत. मी म्हटलं, बरं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. पट अकरावर आला, गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या मागे वर्षाने मी. ओट्यावरचा नकाशा मी पुन्हा कधी काढून घेतला नाही. पोरांनी विचारलं तर रंग संपलाय म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात थोरात गुरुजींचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाले की आता शेतरस्ते मोकळे करायचं काम सगळीकडे जोरात आहे, बबननेही पुन्हा अर्ज केलाय, पण त्याच्या फायलीत जुना जबाब आडवा येतोय. कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

दोन दिवस मी काही केलं नाही. नगरला लेकाकडे असते, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी आहे. सबबी भरपूर होत्या. तिसऱ्या दिवशी बबनला फोन लावला. तो नेहमीसारखाच अदबीने बोलला. म्हणाला, तुमच्यावर राग न्हाई बाई, तुमाला शाळा सांभाळायची हुती. मी वैष्णवीची चौकशी केली. दहावीला गेली म्हणाला. मी विचारलं, ती काही म्हणते का माझ्याबद्दल? तो म्हणाला, ती न्हाई बोलत त्यावर. मला वाटतं, तो चार शिव्या हासडता तर मी घरात बसून राहिले असते.

एसटीने पारनेरला गेले. तहसील कचेरीत जुना कारकून होता, भला माणूस, माझ्याच कुण्या सहकारिणीचा विद्यार्थी निघाला. त्याने फाइल काढली. आत ओट्याचा फोटो, रंग उडालेला, आणि त्याच्या मागे माझा जबाब. खाली माझी सही, ठळक आणि गोल, फळ्यावर काढतात तशी.

मी म्हटलं, मला नवा जबाब द्यायचाय, रस्ता होता म्हणून. मी स्वतः त्यावरून चालले आहे. त्याने आधी मला पाणी दिलं. मग समजावून सांगितलं, मॅडम, पहिला जबाब तुमचाच आहे. आता उलटा दिलात तर तुम्ही तेव्हा खोटं बोललात असं कागदावर येईल, आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल. तुमचं वय झालंय, पेन्शन चालू आहे, कशाला ओढवून घेता. मी म्हटलं, येऊ दे कागदावर. तो म्हणाला, विचार करा. मी म्हटलं, सात वर्षं तेच करतेय.

त्याने लिहायला घेतलं. शाळेपासून कुठल्या दिशेला, किती अंतर, वाटेत काय काय, कुठल्या विहिरीपाशी वळण, हे मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. इतक्या वर्षांनी मला सगळं आठवत होतं. शेवटी त्याने कागद माझ्यापुढे सरकवला आणि सही करायची जागा दाखवली.

मी चष्मा लावून पहिल्यापासून वाचलं. अक्षर चांगलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'पूर्वीचा जबाब माझ्याकडून नजरचुकीने देण्यात आला होता.' मला वाचवायला त्याने आपल्या मनाने तो शब्द घातला होता. मी त्याला म्हटलं, बाळा, नजरचूक नव्हती, मला तेव्हाही नीट दिसत होतं. हे खोड.

त्याने पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या एका शब्दावर रेघ ओढली. खाडाखोड केली की बाजूला लहान सही करावी लागते. ती केली, मग खालची केली आणि तीनच्या एसटीने घरी आले.